चित्रांतील माणसाची ओळख

धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यांतील येरमाळा हें आमचें आजोळ. गांवाजवळच्या डोंगरावर येडेश्वरीचें देऊळ आहे. चैत्री पौर्णिमेस तेथें मोठी यात्रा भरते. देवीची पालखी डोंगर उतरून आमराईकडे निघते आणि भाविक मंडळी शेतांतील चुनखडीचे खडे मोठ्या श्रद्धेनें वेचतात. देवीच्या नांवाची जी कथा तेथें सांगतात ती पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. सीताहरणानंतर राम शोकाकुल होऊन वनांत हिंडत असतां, त्याची परीक्षा पाहावी म्हणून पार्वतीनें सीतेचें रूप घेतलें आणि ती त्याच्या वाटेंत उभी राहिली. रूप तंतोतंत होतें. तेंच मुख, तोच वर्ण, तीच वस्त्रें. परंतु रामानें तिला तत्काळ ओळखलें आणि 'आई, तूं वेडी तर नाहींस ?' असें म्हणून हात जोडले. तीच ही वेडी आई, येडाई, येडेश्वरी.

लहानपणीं ही कथा ऐकतांना आम्हांस एकच शंका येई. रूप जर अगदीं सारखें होतें, तर रामानें ओळखलें कशावरून ? आमची आजी यावर म्हणे, "आरं, तोंडावरून मानूस वळखाया त्यो काय पोलीस पाटील व्हता ?" त्या उत्तरानें आमचें समाधान होत नसे, पण आजीपुढें दुसरा प्रश्न करण्याची सोय नव्हती. ही जुनी शंका गेल्या वर्षीं अगदीं अनपेक्षित ठिकाणीं पुन्हां आमच्यापुढें उभी राहिली. तिच्या निमित्तानें जो थोडा इतिहास चाळावा लागला, तो वाचकांपुढें ठेवण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आमच्या महाविद्यालयाच्या त्रैमासिकासाठीं निजामी अमदानीच्या अखेरच्या वर्षांतील ग्रामजीवनावर आम्हीं सहा लेखांची एक माला लिहावयास घेतली होती. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं सुरू झालेल्या पोलिस कारवाईनें तें राज्य पांच दिवसांत संपलें. त्या आधींचीं दोनचार वर्षें येरमाळ्याच्या परिसरांतील एका कुणबी बाईच्या डोळ्यांनीं वाचकांस दाखवावीं, अशी आमची योजना होती. बाई कल्पित, प्रसंग मात्र त्या काळाचे. लेखांबरोबर चित्रें हवीं होतीं. त्या काळच्या तालेवार घराण्यांचीं छायाचित्रें वाड्यांतून मिळतात; पण शेतांत राबणाऱ्या बाईला छायाचित्र काढवून घेण्यास ना सवड होती, ना पैका. चित्रकार नेमावा तर त्रैमासिकापाशीं तेवढें द्रव्य नव्हतें. तेव्हां आमच्या एका विद्यार्थ्यानें सुचविलें कीं, वर्णन लिहून दिलें असतां चित्र काढून देणारी जी कृत्रिम बुद्धिमत्ता हल्लीं निघाली आहे, तिचा उपयोग करावा.

पहिलें चित्र पाहून आम्ही थक्क झालों. दुसरें पाहून गोंधळलों. पहिल्या चित्रांत जात्यावर बसलेली बाई चाळिशीची आणि उभट चेहऱ्याची होती. दुसऱ्यांत तीच बाई विहिरीवर गेली, ती पंचविशीची आणि गोल चेहऱ्याची होऊन. तिसऱ्यांत तिची नथ डाव्या नाकपुडींतून उजवींत गेली, आणि लुगड्याचा कासोटा नाहींसा होऊन पांचवारी साडीचा घोळ पायांवर लोळूं लागला. सहा चित्रें, सहा बायका. एकेक चित्र वेगळें पाहिलें तर कोणीहि नांव ठेवलें नसतें. परंतु वाचकाला ज्या एका बाईचें बोट धरून सहा लेखांतून न्यावयाचें, ती बाईच हरवली होती. माणसाचें चित्र काढणें आणि तेंच माणूस पुन्हां काढणें हीं दोन निराळीं कामें आहेत, हें आम्हांस त्या दिवशीं नीट कळलें. आणि इतिहासाच्या अध्यापकास अडचण आली म्हणजे तो संवयीनें मागें वळून पाहतो.

मागें पाहतां असें दिसतें कीं, ही अडचण फार जुनी आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत सुमारें पंधराशें वर्षांपूर्वीं महाजनक जातकाची कथा रंगविली गेली. तींत एकच राजा त्याच भिंतीवर अनेक वेळां येतो : महालांत राणीशेजारीं बसलेला, तपस्व्याचा उपदेश ऐकणारा, राज्य सोडून घोड्यावरून निघालेला. पाहणारास तो प्रत्येक वेळीं ओळखूं यावा, नाहीं तर कथाच तुटते. यासाठीं आमच्या प्राचीन चित्रकारांनीं प्रथम जो उपाय शोधला तो प्रमाणाचा. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडांतील चित्रसूत्रांत पुरुषांचे हंस, भद्र, मालव्य, रुचक आणि शशक असे पांच प्रकार सांगून त्यांच्या उंचीचीं मापें अनुक्रमें १०८, १०६, १०४, १०० आणि ९० अंगुळें अशीं दिलीं आहेत. एकदां एखादा पुरुष हंस ठरला, म्हणजे तो बसलेला असो वा उभा असो, त्याच्या अवयवांचें परस्परांशीं नातें ठरून गेलें. मापानें प्रकार राखला जातो, व्यक्ति राखली जात नाहीं, हें खरें; तथापि दहा चित्रकार एकाच भिंतीवर काम करीत असतां राजाचा सेवक होऊं नये, इतका बंदोबस्त त्यानें नक्कीच होई.

दुसरा उपाय खुणेचा. तो पाहण्यासाठीं आपणांस राजवाड्यांतून खेड्यांत यावें लागतें. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत रचलेल्या मानसोल्लासांत चित्रें दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख आहे. हें कल्याणी म्हणजे आजचें बसवकल्याण. येरमाळ्याकडील लोकांस परका मुलूख नव्हे. पुढें महाराष्ट्रांत हीच परंपरा चित्रकथी या नांवानें दिसते. पैठणच्या परिसरांत मिळालेलीं एकोणिसाव्या शतकांतील ठळक रंगांचीं चित्रें पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत पाहावयास मिळतात. कुडाळजवळच्या पिंगुळी गांवच्या ठाकर मंडळींनीं तर ही कला अद्याप जिवंत ठेवली आहे, आणि त्यांपैकीं परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री देऊन सरकारनें तिचा गौरवहि केला.

चित्रकथ्याच्या पोथींत सुटीं चित्रें असतात. कथा जशी पुढें जाते तसें एकेक चित्र समोर धरावयाचें, वीणा आणि टाळ यांच्या साथीनें प्रसंग गावयाचा, आणि चित्र बाजूस ठेवावयाचें. हीं चित्रें बारकाईनें पाहिलीं तर एक गोष्ट ध्यानांत येते. तेथें चेहरे बहुधा एकाच ठशाचे आहेत. एका बाजूस वळलेलें तोंड, लांब नाक, आणि समोरून पाहिल्यासारखा भला मोठा डोळा. राम आणि लक्ष्मण यांच्या नाकाडोळ्यांत फरक शोधूं गेलें तर तो सांपडत नाहीं. फरक आहे तो मुकुटांत, मिशींत, अंगाच्या रंगांत, हातांतील शस्त्रांत. रात्रीच्या वेळीं समईच्या उजेडांत, दहा हातांवर बसलेल्या म्हाताऱ्यासहि कोण कोण आहे हें कळावें, एवढीच तेथें गरज होती. आणि एवढ्यानेंहि काम भागलें नाहीं, तर चित्राशेजारीं सांगणारा बसलेला असे. चित्रकथ्याचें चित्र सांगणाऱ्यावांचून कधीं एकटें फिरलें नाहीं, ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. तिचें महत्त्व पुढें दिसून येईल.

तिसरा उपाय खाक्याचा. मोगल आणि दक्षिणी दरबारांतील चित्रशाळांतून मूळ चित्राच्या रेषांवर बारीक टोंचे मारून तो कागद किंवा पातळ कातडें नव्या कागदावर ठेवीत आणि वरून कोळशाची पूड घाशीत. खालीं ठिपक्याठिपक्यांनीं तीच आकृति उमटे. एका पिढीचा चेहरा दुसऱ्या पिढीच्या चित्रकाराकडे असा वारसाहक्कानें जाई. गोवळकोंड्याच्या चित्रकारांनीं सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत दख्खनच्या राजपुरुषांच्या चित्रमाला तयार करून युरोपीय व्यापाऱ्यांस विकल्या, त्या याच सोयीवर. शिवाजी महाराजांचीं जीं जवळजवळ समकालीन चित्रें आज ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्यूझियममध्यें आणि लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहेत, तीं या दक्षिणी वळणाचींच आहेत. एका बाजूस वळलेला चेहरा, सरळ धारदार नाक, निमुळती दाढी, पगडीवरील तुरा : हात निराळे असले तरी चेहरा एकच आहे. डच लेखक व्हॅलेंटाईन याच्या १७२४ ते १७२६ या काळांत निघालेल्या ग्रंथांतहि महाराजांचें चित्र छापलेलें आहे.

परंतु याच महाराजांच्या चित्राचा पुढील इतिहास मोठा बोधप्रद आहे. विसावें शतक उजाडलें तरी इब्राहीमखान नांवाच्या एका मुसलमान सरदाराचें चित्र शिवाजी महाराजांचें म्हणून महाराष्ट्रांत वावरत होतें. एका पुस्तकांतून दुसऱ्यांत आणि पुस्तकांतून भिंतीवर असा त्याचा प्रवास झाला. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनीं महाराजांचें खरें चित्र शोधून काढून १९३३ मध्यें लोकांपुढें मांडलें, तेव्हां तें मागें पडलें. आतां येथें विचार करण्याजोगी गोष्ट अशी कीं, त्या चुकीच्या चित्रांतहि सातत्याची कांहीं उणीव नव्हती. प्रत्येक प्रतींत तोच चेहरा होता. किंबहुना तो सगळीकडे तोच होता म्हणूनच कोणास संशय आला नाहीं. एखादें चित्र दहा ठिकाणीं दहा प्रकारचें दिसलें असतें, तर कोणीतरी विचारलें असतें कीं, यांतलें खरें कोणतें ? सर्वत्र एकसारखें दिसलें म्हणजे मन विचारावयाचें सोडून देतें. सारखेपणा ही ओळखीची खूण आहे, आणि आपण ती नकळत खरेपणाची खूण म्हणून स्वीकारतों.

खाक्याचें काम पुढें दगडानें केलें. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईंत शिळाछापखाना काढला. तो पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. प्रत्येक रंगास निराळा दगड आणि एकावर एक छाप, अशी ती पद्धति. त्या छापखान्यांतून निघालेल्या लक्ष्मी आणि सरस्वती आमच्या आजोबांच्या पिढीच्या देवघरांत गेल्या. त्यापूर्वीं प्रत्येक गांवच्या देवीला आपापला मुखवटा होता. नंतर शेंकडों मैलांवरच्या दोन घरांत देवीचें तोंड अगदीं एक झालें. हा बदल चांगला कीं वाईट, याचा निवाडा आम्ही करीत नाहीं. परंतु आज डोळे मिटून लक्ष्मी आठवूं गेलें असतां पुष्कळांच्या मनांत जें रूप येतें, तें एका चित्रकाराच्या कल्पनेंतून निघालें आहे, याचें स्मरण कितीजणांस असतें ?

याच छापखान्यासाठीं कांहीं काळ काम केलेले दादासाहेब फाळके यांनीं या प्रश्नाची दुसरी बाजू दाखविली, आणि तीहि मोठ्या गमतीदार रीतीनें. राजा हरिश्चंद्र या १९१३ च्या चित्रपटांत तारामतीचें काम करावयास स्त्री मिळेना, म्हणून त्यांनीं एका उपाहारगृहांतील आचारी अण्णा साळुंके यांस लुगडें नेसविलें. पुढें १९१७ च्या लंकादहनांत याच साळुंक्यांनीं राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. तोच चेहरा, तींच हाडें, तेच डोळे. आणि प्रेक्षक रामाला राम आणि सीतेला सीता म्हणून हात जोडीत होते. येडाईच्या कथेंत सीतेचें रूप असून सीता नव्हती. येथें एकाच माणसाच्या रूपांत राम आणि सीता दोघेंहि होतीं. चेहरा म्हणजे व्यक्ति नव्हे, हें दोन्हींकडून सिद्ध झालें. वेष, चाल, मानेची लवण आणि प्रसंगांतील वागणूक यांनीं व्यक्ति घडते, आणि पाहणारा आपल्या मनांतील कथेनें ती पूर्ण करतो.

वृत्तपत्रांच्या सृष्टींत याचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन'. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियांत १९५१ पासून तो वाचकांस भेटूं लागला. आरंभीं लक्ष्मण आपल्या व्यंगचित्रांत नाना प्रांतांच्या नाना वेषांच्या माणसांची गर्दी काढीत. पुढें एकेक गळत जाऊन हा एकटा उरला. चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा, टकलाभोंवतीं उरलेले थोडे केस आणि न बोलणें, एवढ्या सामग्रीवर तो पन्नासांहून अधिक वर्षें टिकला. त्याच्यापुढें मंत्रिमंडळें बदललीं, तो बदलला नाहीं. परंतु येथें कोणाचीहि फसगत होत नव्हती. हा माणूस रेषांचा आहे, एका माणसाच्या हातून उतरतो, आणि त्याखालीं त्या माणसाची सही आहे, हें प्रत्येक वाचकास ठाऊक होतें. सही हाच तेथला सांगणारा.

आतां आमच्या यंत्राकडे वळूं. सर्वसामान्य लोकांच्या हातीं हीं चित्रयंत्रें मोठ्या प्रमाणांत २०२२ सालीं आलीं. त्यांची रीत मोठी विलक्षण आहे. त्यांतील पुष्कळ यंत्रें चित्रास आरंभ करतात तो रंगाच्या ठिपक्यांच्या निरर्थक धुरळ्यापासून. कोट्यवधि चित्रें आणि त्यांबरोबरचा मजकूर यांच्या अभ्यासानें यंत्रास एवढें समजलेलें असतें कीं, अमुक शब्द दिले असतां हा धुरळा कोणत्या दिशेनें निवळावा. पायरीपायरीनें तो निवळतो आणि चित्र उमटतें. आरंभींचा धुरळा दर वेळीं निराळा. म्हणून 'कुणबी बाई' हे शब्द तेच असले तरी बाई दर वेळीं निराळी. यंत्राच्या ठिकाणीं काल काढलेल्या माणसाची आठवण म्हणून कांहीं नसतें. आमच्या सहा चित्रांत सहा बायका कां आल्या, तें यावरून कळून येईल.

यावर जे उपाय निघाले ते पाहिले म्हणजे आपले जुने उपायच नव्या वेषांत परत आल्यासारखें वाटतें. २०२२ मध्येंच गूगलच्या संशोधकांनीं ड्रीमबूथ नांवाची रीत प्रसिद्ध केली. एखाद्या व्यक्तीचीं किंवा वस्तूचीं तीन ते पांच छायाचित्रें यंत्रास शिकवावयाचीं आणि तिला एक खास नांव द्यावयाचें. मग त्या नांवानें हांक मारली कीं तीच व्यक्ति उमटते. त्या आधींच्या वर्षीं निघालेल्या लोरा या पद्धतींत संपूर्ण यंत्र न बदलतां त्यास एक लहानशी पुरवणी जोडतात; आणि पुढें तिचाहि उपयोग याच कामीं होऊं लागला. हे झाले खाक्याचे वंशज. मार्च २०२४ मध्यें मिडजर्नी या यंत्रानें नमुन्याचें एक चित्र दाखवून पुढील चित्रांत तोच माणूस आणण्याची सोय केली, आणि तींत शून्यापासून शंभरापर्यंत एक प्रमाण ठेवलें. शंभर म्हटलें तर चेहरा, केस आणि वस्त्रें सर्व तींच राहावयाचीं. शून्य म्हटलें तर केवळ चेहरा राहून वेष बदलावयाचा.

हें वाचतांना आम्हांस तुळजापूरची आठवण झाली. नवरात्रांत तेथें भवानीची अलंकार-महापूजा निरनिराळ्या रूपांत बांधतात : कधीं रथ अलंकार, कधीं मुरली अलंकार, कधीं शेषशायी, कधीं शिवाजी महाराजांस तलवार देणारी भवानी, कधीं महिषासुरमर्दिनी. रूपें पांच, देवी एक. यंत्राचें शून्याचें प्रमाण आमच्या पुजाऱ्यांस पूर्वींपासून अवगत आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं ! ऑगस्ट २०२५ मध्यें गूगलनें जें नवें चित्रयंत्र खुलें केलें, त्यास लोक 'नॅनो बनाना' या गमतीच्या नांवानें ओळखतात. त्यानें हें काम इतकें सुलभ केलें कीं, त्या वर्षींच्या नवरात्राच्या सुमारास घरोघरच्या मुलींनीं आपल्या चेहऱ्याला जुन्या चित्रपटांतील साड्या नेसवून पाहिल्या.

आमच्या विद्यार्थ्यानें नमुन्याची रीत धरली. प्रथम त्यानें त्या बाईचें समोरून, बाजूनें आणि तिरकें अशीं तीन चित्रें निश्चित केलीं. मग आम्ही दोघांनीं बसून तिच्या खुणांची यादी केली : इरकली लुगडें, कासोटा, डाव्या नाकपुडींत लहान नथ, गळ्यांत डोरलें, आणि हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. प्रत्येक चित्र या यादीशीं ताडून पाहावयाचें आणि चुकलें तर टाकावयाचें, असा नियम केला. एका चित्रामागें पंधरावीस टाकावीं लागलीं. पण अखेर ती बाई स्थिर झाली. ती जात्यावर बसली, विहिरीवर गेली, चैत्रांत चुनखडी वेचूं लागली, आणि प्रत्येक ठिकाणीं तीच होती. आम्हांस समाधान वाटलें; थोडा अभिमानहि वाटला. मालेच्या पहिल्या लेखाच्या शेवटीं आम्हीं बारीक टाइपांत एक ओळ छापली होती कीं, चित्रांतील बाई काल्पनिक असून चित्रें संगणकाच्या साहाय्यानें केलीं आहेत. कर्तव्य पार पडलें, असें आम्हीं मानलें.

तिसरा अंक निघाल्यावर एके दिवशीं ब्याऐशीं वर्षांचे एक शेतकरी गृहस्थ नातवाला बरोबर घेऊन आमच्या घरीं आले. येरमाळ्याच्या पलीकडे त्यांचें खेडें. हातांत त्रैमासिकाचा तिसरा अंक होता. पहिला त्यांनीं पाहिलाच नव्हता. चित्रावर बोट ठेवून ते म्हणाले, "मास्तर, ह्यो फोटो तुमास्नी कुठं घावला ? ही माजी माय हाय." त्यांची आई १९४८ सालीं वारली, तेव्हां ते पांच वर्षांचे होते. घरांत तिचें छायाचित्र नाहीं. तिचें तोंड आठवतें काय, असें आम्हीं विचारलें. थोडा वेळ ते गप्प बसले. मग आपल्या हनुवटीवर तीन वेळां बोट टेंकवून म्हणाले, "एवढं आठवतंय."

आम्हीं त्यांस सगळें समजावून सांगितलें. ही बाई कधीं जन्मलीच नाहीं. यंत्रानें ती केली. हनुवटीवरचे ठिपके आम्हीं यादींत घातले म्हणून आले, आणि तसें गोंदण त्या काळीं कितीतरी बायकांच्या हनुवटीवर असे. त्यांनीं तें शांतपणें ऐकून घेतलें. समजलें नाहीं असें नव्हे. शेवटीं एवढेंच म्हणाले, "खोटा आसंल मास्तर. पर आमाकडं दुसरा कुठं हाय ? येक द्या."

तीस वर्षें आम्ही विद्यार्थ्यांस शिकवीत आलों कीं, अस्सल साधन नसेल तेथें जागा रिकामी सोडावी. ती कल्पनेनें भरूं नये. तें तत्त्व त्या क्षणीं आम्हांस पुरतें आठवत होतें. तरीहि आम्हीं चित्राची मोठी प्रत काढवून त्यांस दिली. मनाच्या समाधानासाठीं प्रतीच्या पाठीमागें स्वतःच्या हातानें लिहिलें कीं, हें कोणाचेंहि छायाचित्र नसून यंत्रानें केलेलें काल्पनिक चित्र आहे. आणि खालीं तारीख घालून सही केली.

पुढें चैत्री पौर्णिमेस येरमाळ्यास गेलों असतां वाट वांकडी करून त्यांच्या घरीं गेलों. ओसरीवर चौकट लावलेली होती. तिला हार होता, आणि कांचेवर कुंकू लावलें होतें. घरांतील लहान मुलें तिला 'पणजी' म्हणत होतीं. आमची सही अर्थातच भिंतीकडे होती.

त्या ओसरीवर बसून आम्हांस आमची चूक दिसली. चूक प्रत दिली ही नव्हे. ती आम्ही आजहि देऊं. चूक अशी कीं, सांगणाऱ्यास आम्हीं चित्रापासून दूर नेऊन बसविलें होतें : आधीं पहिल्या अंकाच्या शेवटच्या पानावर, आणि नंतर कागदाच्या पाठीवर. चित्रकथ्याचा सांगणारा चित्राशेजारीं बसे, लक्ष्मणांची सही चित्राच्या चौकटींत असे. आमच्या बाईचा चेहरा जोंवर दर चित्रांत बदलत होता तोंवर ती कोणाचीच आई होऊं शकली नसती. आम्हीं मोठ्या कष्टानें तिला स्थिर केलें, तेव्हांच ती कोणाची तरी झाली. ज्या दिवशीं चेहरा पक्का झाला त्याच दिवशीं, तो कोठून आला हें सांगण्याची आमची जबाबदारी दसपट वाढली होती. यंत्र करणाऱ्या कांहीं कंपन्या चित्रांत डोळ्यांस न दिसणारी खूण ठेवतात. पण ओसरीवर बसलेल्या माणसास तिचा काय उपयोग? ऑक्टोबर २०२५ मध्यें केंद्र सरकारनें नियमांचा जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यांत अशा चित्राच्या किमान दहाव्या हिश्शावर ठळक खूण असावी, असें सुचविलें होतें. सामाजिक माध्यमांसाठीं केलेली ती सूचना प्रथम वाचली तेव्हां आम्हांस ती चित्राची शोभा घालविणारी वाटली होती. आतां वाटत नाहीं.

आणखी दोन पिढ्यांनीं त्या घरांतील एखादा मुलगा इतिहास शिकेल आणि १९४८ पूर्वींची येरमाळ्याकडील कुणबी बाई कशी दिसे, याचा पुरावा म्हणून ती चौकट कोणा संशोधकापुढें ठेवील. तेथें खोटें सांगणारा कोणीहि नसेल. प्रत्येकजण आपल्या परीनें खरेंच बोलत असेल. इब्राहीमखानाचें चित्र महाराष्ट्राच्या घरांत शिरलें, तेहि बहुधा असेंच.

पुढील तीन अंकांत आम्हीं प्रत्येक चित्राच्या चौकटीच्या आंतच, लेखाच्याच टाइपांत, 'काल्पनिक चित्र. यंत्रानें केलेलें' असे शब्द छापले. चित्रें थोडीं कुरूप दिसलीं. तशीच एक नवी प्रत तयार करून आम्हीं त्या वृद्ध गृहस्थांस नेऊन दिली. नातवानें ते शब्द मोठ्यानें वाचून दाखविले. त्यांनीं मान हालविली, प्रत नीट घडी न पडूं देतां जमिनीच्या कागदांबरोबर पेटींत ठेवली, आणि आम्हांस चहा पाजला. भिंतीवरची जुनी तशीच आहे.